ठोका

शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं
माझं काम एवढंच: ठोकून ऐकणं.
वाळू झाडलेला पीस साखळीला टांगायचा,
पावशेराची हातोडी, नुसत्या मनगटातनं,
आणि कान पुढं.
खण्ण आलं की गाडीत.
बद्द आलं की परत भट्टीत.
केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही.
"लोखंड लबाड नसतंय, कान असतोय,"
गुंडू मिस्त्री तंबाखू मळता मळता म्हणायचा.

मग माझ्या उजव्या कानात कटर सुरू झाला.
रविवारीही, लाईट गेल्यावरही चालणारा.
फोनवर थोरलीचा आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत,
भिंतीपलीकडं कुणी भांडी लावतंय तसं.
फोन डाव्या कानाला नेला. कुणाला बोललो नाही.
एका शुक्रवारी दोन बद्द पीस
माझ्या हातून पास झाले.
ते मात्र सांगावं लागलं.

डॉक्टर हेरवाडेंनी फिल्मवर पेनाचं टोक टेकवलं:
हरभऱ्याच्या घाट्याएवढी गाठ.
"साधी आहे, पण बसलीय ऐकण्याच्या नसेवर.
कानातनं गेलो तर गाठ सगळी निघेल, कान जाईल.
मागनं गेलो तर वेळ लागेल,
आणि कान राहीलच असं लिहून देत नाही."
बायको म्हणाली, तोंड वाकडं होणार नाही न्हवं?
मी विचारलं, आत काम चालू असताना
ठोकून बघता येतंय का?
ते हसले नाहीत.
म्हणाले, "तेच करणार आहे."

पुढचं मला ठाऊक नाही.
पडद्यापाशी बसलेल्या आयेशा जमादारनं ते नंतर सांगितलं.
सात तास. कानात मऊ बोंडू,
त्यातून टिकटिकटिक, सेकंदाला वीसेक ठोके,
आणि मेंदूकडनं येणारा जबाब
तिच्यासमोर रेषेत उमटणारा.
पाच लाटा. नजर पाचवीवर.
चार तास लाट जाग्यावर.
मग ती म्हणाली, "सर, पाचवी उशिरा येतेय."

हात थांबले.
कोमट पाणी सोडलं. कुणी खोकलंही नाही.
मी झोपलेला,
आणि खोलीभर माणसं माझ्या कानानं ऐकणारी.
"आली?"
"थोडी."
पुन्हा हात. पुन्हा लाट खचली.
तिसऱ्यांदा डॉक्टरांनी अवजार खाली ठेवलं.
नसेला धरून बसलेला एक पापुद्रा
तसाच राहू दिला.

कागदावर लिहिलंय: थोडा अंश शिल्लक, दरवर्षी फिल्म.
मी ते तीनदा वाचलं.
असला पीस मी गेटाबाहेर सोडला नसता.

पट्टी निघाली त्या दुपारी बायकोनं
स्टीलचा पेला उजवीकडं धरला, चमच्यानं वाजवला.
खण्ण नव्हतं.
बद्दही नव्हतं.
गंजातून आल्यासारखं, लांबचं काहीतरी,
पण त्याला कड होती.
मी म्हटलं, परत.
तिनं परत वाजवला.
शेजारच्या कॉटवरचा म्हातारा वैतागेपर्यंत
ती वाजवत राहिली.

कटर अजून चालूच आहे. त्याची सवय झालीय.
टाके निघाल्यावर एका पहाटे गंगावेशीत गेलो,
डाव्या कानात बोट घालून म्हशीपाशी उभा राहिलो.
धार पेल्यात पडली: आधी पत्र्यावर चर्र,
मग फेसात बुडालेली, जाड, अजून जाड.
काठाला आली तसा मी दुसरीकडं बघतच
हात पुढं केला.
पेला भरलेला.

गवळी पैसे बोलला, उजव्या बाजूनं.
तीस म्हणाला का वीस, कळलं नाही.
तीस दिले.
त्यानं दहाची नोट परत केली,
आणि माझ्या कानातल्या बोटाकडं बघत राहिला.